श्रीलंकेतली जंगलं आणि डोंगर: गटाने जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं १२ जणांचा गट आणि १२ रात्रींचा कार्यक्रम धरून लिहिली आहेत. प्रवेशशुल्क, व्हिसाची फी आणि जीपचे दर सारखे बदलतात, त्यामुळे रकमा दिलेल्या नाहीत. त्या निघण्याआधी महिनाभर ताज्या करून घ्याव्यात.

सह्याद्रीत इतकं भटकलोय, मग श्रीलंकेत वेगळं काय दिसणार?

पश्चिम घाट आणि श्रीलंका हा जैवविविधतेचा एकच प्रदेश मानला जातो, म्हणून पहिल्या दिवशी बरंच ओळखीचं वाटेल. चितळ, सांबर, मुंगूस, घोरपड, मोर सगळे आहेत. जूनमध्ये आपल्याकडच्या रानात शीळ घालणारा नवरंग हिवाळा काढायला याच बेटावर उतरतो. पण बेट तुटून राहिल्यामुळे अनेक जाती फक्त इथल्याच झाल्या: निळी मॅगपाय आणि लाल तोंडाचा मलकोहा हे पक्षी, इथली वेगळी रानकोंबडी, डोक्यावर केसांचा भांग पाडल्यासारखी दिसणारी टोक मकाक माकडं, जांभळ्या तोंडाचं वानर. बेटावर वाघ कधी टिकला नाही. त्यामुळे बिबट्या इथला सर्वांत मोठा शिकारी आहे आणि आपल्या बिबट्यापेक्षा बराच निर्धास्तपणे उजेडात फिरतो.

दुसरं म्हणजे अंतरं. देशाचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. तेवढ्यात काटेरी कोरडं रान, सदाहरित पावसाळी जंगल, २,१०० मीटरवरचे गवताळ माळ आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर निळे देवमासे, एवढं सगळं एका सहलीत बसतं.

कोणत्या महिन्यात जावं?

इथे दोन पावसाळे आहेत, आणि सहलीचा मार्ग त्यांच्यावरूनच ठरवायला हवा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस दक्षिण-पश्चिम भाग आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतो. त्या काळात पूर्व आणि उत्तर भाग कोरडे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस पूर्वेला आणि उत्तरेला पडतो. मधले दोन काळ, मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, दुपारनंतरच्या गडगडाटी सरींचे.

संपूर्ण बेट एकाच वेळी कोरडं मिळेल असा महिना शोधू नका, मिळत नाही. एकच काळ सुचवायचा तर फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर. देवमासे असतात, हॉर्टन प्लेन्स या उंच पठारावर सकाळ स्वच्छ मिळण्याची शक्यता चांगली असते, सिंहराजाच्या पावसाळी जंगलात पाऊस तुलनेने कमी असतो आणि हिवाळी पाहुणे पक्षी अजून गेलेले नसतात.

आम्हाला दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्यातच सुट्टी मिळते. मग?

दिवाळीत गेलात तर सकाळचे तास जपा, कारण दुपारी तीननंतर पाऊस धरूनच चालायचं. नाताळात दक्षिण किनारा उत्तम असतो, समुद्र शांत होऊ लागतो. पण यालचं राष्ट्रीय उद्यान, किनाऱ्यावरचं मिरिस्सा आणि डोंगरातलं नुवारा एलिया गच्च भरतात, सहा महिने आधी खोल्या घ्याव्या लागतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात चालून जातं. महिनाअखेरीस नैर्ऋत्य मोसमी आला की मिरिस्साचा समुद्र खवळतो. मग देवमाशांसाठी पूर्वेला त्रिंकोमालीकडे वळावं लागतं.

जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत कोणाला जमत असेल तर एक खास गोष्ट आहे. कोरड्या जंगलात ‘पालू’ची फळं पिकतात. पालू म्हणजे आपली खिरणी किंवा रांजण. ती खायला अस्वलं झाडावर चढतात आणि भर दिवसा दिसतात. एरवी अस्वल दिसणं इथेही नशिबाचा भाग.

१२ रात्री कशा वाटाव्यात?

- नेगोंबो १: विमानतळ कटुनायकेला, तिथून जवळ
- सिगिरिया-हबरणा २: हत्ती, रात्री फिरणारं लोरिस (झाडावरचा छोटा, मोठ्या डोळ्यांचा प्राणी)
- कॅंडी १: मुख्यतः प्रवास तोडण्यासाठी
- नुवारा एलिया २: हॉर्टन प्लेन्स
- तिस्समहाराम २: याल आणि बुंदला ही उद्यानं
- सिंहराजा परिसर २: वाटेत उडवलवे उद्यानातली सकाळ
- वेलिगाम किंवा मिरिस्सा २: देवमासे

द्रुतगती मार्ग सोडला तर ताशी ३५ ते ४० किलोमीटरच्या वर सरासरी धरू नका. नकाशावर ९० किलोमीटर दिसणारा सिगिरिया-कॅंडी रस्ता अडीच-तीन तास घेतो. डोंगरातले रस्ते याहून हळू. कंपन्यांच्या कार्यक्रमांत ‘सात दिवसांत आठ ठिकाणं’ असतात, ती जंगल पाहणाऱ्या गटाने घेऊ नयेत. प्राणी-पक्षी दिसतात ते पहाटे आणि संध्याकाळी. रोज मुक्काम बदलला की नेमके हेच तास बसमध्ये जातात. एका जंगलाला सलग दोन रात्री दिल्या की एक पूर्ण सकाळ नक्की मिळते आणि पाऊस आला तर दुसरी संधी राहते.

नऊच रात्री असतील तर काय गाळावं?

डिसेंबर ते मार्च असेल तर सिगिरिया-हबरणा आणि कॅंडी गाळा, नेगोंबोहून सरळ नुवारा एलियाला जा. जुलै-ऑगस्ट असेल तर उलट करा: सिंहराजा आणि मिरिस्सा सोडा आणि वाचलेल्यांतली एक रात्र हबरणाला वाढवा, कारण हत्तींचा काळ तोच. दोन्हीकडचं थोडं थोडं घेण्याचा मोह होतो. त्यात दोन्ही हातचं जातं.

गट किती जणांचा असावा?

१२ सर्वांत सोयीचा, १६ ही कमाल. १२ जणांना एक कोस्टर बस पुरते आणि सामानाला जागा राहते. सफारी जीपमध्ये सहसा सहा जागा असतात, दोन-दोनच्या तीन रांगा. सहा माणसं बसवली तर दोन जीपमध्ये काम होतं आणि खर्च वाचतो, पण आमचा सल्ला चौघांना एक जीप, म्हणजे तीन जीप घेण्याचा आहे. डावीकडे बिबट्या दिसला की उजवीकडचे तिघे उभे राहतात, गाडी हलते, पुढच्याच्या कॅमेऱ्यात मागच्याचा हात येतो. चौघांत ही ओढाताण होत नाही. जीपचं भाडं गाडीमागे असतं, माणसामागे नाही, म्हणून हा खर्च सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून वाटून घ्या.

मागची रांग मागच्या चाकांच्या वर किंवा पलीकडे असते, तिथे धक्के सर्वांत जास्त. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनी चालकाच्या लगेच मागची रांग घ्यावी. बाकीच्यांनी प्रत्येक सफारीला जागा फिरवावी, आणि हे गटप्रमुखाने पहिल्याच दिवशी जाहीर करावं. तिसऱ्या दिवशी सांगितलं तर रुसवेफुगवे होतात.

बिबट्यासाठी याल की विल्पट्टू?

यालचं एकूण क्षेत्र ९७९ चौरस किलोमीटर असलं तरी बहुतेक पर्यटक ‘ब्लॉक एक’ या सुमारे १४१ चौरस किलोमीटरच्या भागातच जातात. तिथे बिबट्यांची दाटी जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल इतकी आहे, म्हणून दिसण्याची शक्यता जास्त. गाड्यांची दाटीही तितकीच. विल्पट्टू देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान, १,३०० चौरस किलोमीटरहून मोठं. तिथे ‘विल्लू’ नावाची पावसाच्या पाण्याने भरणारी, वाळूच्या काठांची उथळ तळी आहेत. बिबट्या त्यांच्या काठाने येतो. दिसायला वेळ लागतो, पण दिसला की बऱ्याचदा तुमचीच जीप असते.

पहिल्यांदा जाणाऱ्या आणि ‘बिबट्या हवाच’ म्हणणाऱ्या गटाने याल घ्यावं. शांतता महत्त्वाची वाटत असेल तर विल्पट्टू, आणि तेही पूर्ण दिवसाचं. प्रवेशापासून विल्लूंपर्यंत पोहोचायलाच बराच वेळ जातो, अर्ध्या दिवसात हाती फारसं लागत नाही. यालचा ब्लॉक एक कोरड्या मोसमाच्या शेवटी, बहुतेक वर्षी १ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, बंद ठेवतात. त्या तारखांना जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

यालमध्ये गाड्यांची झुंबड असते असं ऐकलं. ती टाळता येते का?

पूर्ण टाळता येत नाही, कमी मात्र नक्की करता येते. झुंबड होते ती मोबाइलमुळे. एका चालकाला बिबट्या दिसला की तो दुसऱ्यांना कळवतो, मग वीस-पंचवीस गाड्या ताशी २५ किलोमीटरची मर्यादा मोडून तिकडे धावतात. बिबट्या उठून झुडपात जातो आणि मागच्या गाड्यांना नुसती धूळ मिळते.

आदल्या संध्याकाळी चालकाशी बोला, सकाळी फाटकावर नाही. त्याला स्पष्ट सांगा की बिबट्या न दिसल्यास आमची तक्रार नाही, बक्षिसी ठरल्याप्रमाणेच मिळेल, पण गाडी पळवायची नाही आणि वाट सोडून उतरवायची नाही. चालक पळवतो कारण पर्यटक नाराज झाला तर त्याची कमाई जाते. ती भीती काढली की चांगला चालक फार सुंदर जंगल दाखवतो. पाणवठ्याजवळ इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबायला सांगा. चितळांचा आणि माकडांचा धोक्याचा आवाज इंजिनच्या घरघरीत ऐकू येत नाही, आणि बिबट्याचा पहिला पत्ता तेच देतात.

वेळापत्रक असं ठेवा: पहाटे ५ ला हॉटेल सोडायचं, साडेपाचपर्यंत रांगेत, ६ ला फाटक उघडतं. अर्ध्या दिवसाच्या गाड्या साडेनऊ-दहाला परत फिरतात. पूर्ण दिवस घेतला तर त्यानंतरचं रान बरंच मोकळं मिळतं. मधल्या जेवणाला पाटनंगलाच्या किनाऱ्यावर उतरता येतं, २००४ च्या त्सुनामीत बळी गेलेल्यांचं स्मारक तिथे आहे. इतरत्र जीपमधून पाय खाली टाकायचा नाही, नैसर्गिक विधीसाठीसुद्धा नाही. म्हणून पहाटेचा चहा अर्धाच कप घ्या.

एक सफारी यालला आणि दुसरी बुंदलाला, ही वाटणी आम्हाला सर्वांत पटते. बुंदला १९९० साली देशातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. सप्टेंबर ते मार्च पाणपक्षी भरपूर, मगरी भरपूर, गाड्या मोजक्या.

हबरणाजवळच्या मिनेरिया उद्यानातला हत्तींचा मेळा खरंच तीनशे हत्तींचा असतो?

चांगल्या वर्षी दोनशे ते तीनशे हत्ती एकाच संध्याकाळी दिसतात. मिनेरियाचा तलाव तिसऱ्या शतकात राजा महासेनाने बांधला. जुलै ते सप्टेंबर पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या रानातले कळप त्या गवतावर येतात. म्हणजे सगळं पाण्याच्या पातळीवर अवलंबून. अलीकडच्या काळात मोरगहकंदा धरणातून कोरड्या मोसमातही पाणी सोडलं गेल्याने काही वर्षी गवताचा तळच बुडालेला राहिला आणि कळप पांगले.

म्हणून ‘मिनेरिया सफारी’ असं पक्कं आरक्षण करू नका. हबरणात पोहोचल्यावर विचारा की हत्ती कुठे आहेत: मिनेरिया, कौडुल्ला की हुरुलू. तिन्ही जवळजवळ आहेत आणि जीपवाल्यांना रोजची खबर असते. ही सफारी दुपारी, तीनच्या सुमाराला सुरू करा; सकाळी हत्ती झाडीत असतात. मोठे सुळेवाले नर दिसतील अशी अपेक्षा नको, श्रीलंकेत फार थोड्या नरांना सुळे असतात.

हत्तीवर बसणं, हत्तीला अंघोळ घालणं कार्यक्रमात का नाही?

माणसाला पाठीवर घेणारा हत्ती साखळी आणि अंकुशाच्या धाकानेच तयार केलेला असतो, आणि आपण ते पैसे देऊन चालू ठेवू नये. पिल्लं जवळून बघायची असतील तर उडवलवेचं हत्ती संक्रमण केंद्र पाहा. १९९५ पासून तिथे अनाथ पिल्लांना वाढवून पुन्हा रानात सोडतात. ठरलेल्या वेळी दूध पाजतात तेव्हा कठड्यामागून पाहता येतं, हात लावता येत नाही, आणि तेच बरोबर आहे. माणसाला सरावलेलं पिल्लू रानात टिकत नाही.

उडवलवे उद्यानाच्या कुंपणालगतच्या रस्त्यावर काही हत्ती विजेच्या तारेपलीकडे सोंड पसरून उभे असतात. तिथे फळविक्रेतेही असतात. केळी देऊ नका, बस थांबवूही नका. फळांची सवय लागलेले हत्ती गाड्या अडवू लागतात, कधी माणूस मरतो आणि शेवटी हत्तीही.

सिंहराजात काय बघायचं? फोटोत नुसती झाडंच दिसतात.

झाडंच बघायची. १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी इथे यांत्रिक तोड सुरू झाली होती, लोकांच्या विरोधामुळे ती १९७७ मध्ये थांबली, आणि १९८८ मध्ये हे जंगल जागतिक वारशात गेलं. सस्तन प्राणी थोडे दिसतात. इथलं वैभव आहे ते मिश्र थव्यांचं. वेगवेगळ्या जातींचे दहा-बारा प्रकारचे पक्षी एकत्र चारा शोधत जंगलातून सरकतात. आधी नारिंगी चोचीच्या सातभाईंचा कलकलाट ऐकू येतो, त्यांच्याबरोबर तुरेवाला कोतवाल असतो, आणि मागोमाग मलकोहा, निळी मॅगपाय, ट्रोगन.

कलकलाट ऐकला की सगळ्यांनी जागीच थांबायचं. बोट दाखवायचं नाही, पुढे पळायचं नाही. थवा स्वतःच डोक्यावरून जातो. पहिले पक्षी खाली झुडपात असतात, दुर्मीळ जाती बहुधा वरच्या फांद्यांत आणि थव्याच्या शेवटाकडे. पाच मिनिटांत ‘झालं’ म्हणून निघालेला गट नेमका मलकोहा गमावतो. कोतवाल इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करतो, तेव्हा आवाजावरून यादीत नाव टाकण्याची घाई नको.

वाटाड्या सक्तीचा आहे. एका वाटाड्यामागे सहाच जण ठेवा. कुडवा या प्रवेशाच्या बाजूची वाट तोडीच्या काळातला जुना रस्ता आहे, रुंद आणि सौम्य चढाची. ज्येष्ठांनी तीच घ्यावी. देनियायकडची बाजू दक्षिण किनाऱ्याला सोयीची, पण पायवाट अरुंद आणि ओली. सकाळी सातच्या आत चालायला लागा, दुपारी पाऊस ठरलेला. सेरेंडिब स्कॉप्स घुबड याच पट्ट्यातलं, २००४ मध्ये विज्ञानाला नवी जात म्हणून नोंदलं गेलं. त्याची दिवसाची बसायची जागा वाटाड्याला माहीत असेल तर एकेक जोडीने जाऊन बघा, बाराजणांचा घोळका नेऊ नका.

जळवांचं काय करायचं?

सिंहराजात जळवा लागणारच, पावसाळ्यात तर भरपूर. त्यांच्यापासून रोग पसरण्याची भीती नसते, त्रास फक्त रक्त न थांबण्याचा. चावताना जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, म्हणून जखम इवलीशी असली तरी तास-दोन तास ओलावा राहतो.

गुडघ्यापर्यंतचे, दाट विणीच्या कापडाचे जळूमोजे घ्या. पँट मोज्यात खोचा, मोज्याचा नाडा गुडघ्याखाली आवळा. मोज्याच्या बाहेरच्या बाजूला कडू साबण किंवा झोंबणारा बाम चोळला की जळू चढायला कचरते. पावसात तो धुऊन जातो, तासाभराने परत लावा. जळू चिकटलीच तर नखाने तिचं बारीक टोक त्वचेलगत सरकवा, मग जाड टोक, आणि टिचकीने उडवा. मीठ, लिंबू, काडेपेटी वापरू नका: जळू पोटातलं जखमेत ओकते आणि जखम चिघळू शकते. नंतर साबणाने धुवा, कापूस दाबून पट्टी लावा. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून मगच ही चाल करावी.

हॉर्टन प्लेन्सची चाल कितपत अवघड आहे?

सुमारे साडेनऊ किलोमीटरचा फेरा, चढ-उतार मध्यम. सिंहगड थांबत-थांबत चढणाऱ्याला जमेल. अडचण तीन गोष्टींची असते: उंची, थंडी, धुकं. पठार २,१०० ते २,३०० मीटरवर आहे, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात दम लागतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या पहाटे गवतावर हिमकण पडतात. आणि ‘वर्ल्ड्स एंड’ हा ८७० मीटरच्या आसपास सरळ तुटलेला कडा नऊ-दहानंतर बहुधा धुक्यात बुडतो.

नुवारा एलियाहून साडेचारला निघा, सहाच्या सुमाराला फाटकावर. बॅगा तपासतात, प्लॅस्टिकची वेष्टनं काढून घेतात. बिस्किटं आदल्या रात्रीच डब्यात किंवा कागदात भरली तर रांगेतला वेळ वाचतो. पाण्याची धातूची बाटली उत्तम. आत गेल्यावर वाट दोन फाट्यांत फुटते. आधी कड्याकडे जा, बेकर धबधबा परतीला. उलट गेलेला गट कड्यावर पोहोचतो तेव्हा समोर पांढरी भिंत असते. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी उभं राहू नका, ओल्या दगडावर पाय सरकतो.

कडा पाहून लोक परत फिरतात, आणि पठार बघायचं राहूनच जातं. उतारांवर गवत, खोलगट भागांत बुटकी, शेवाळलेली, वाकलेली झाडं, आणि त्यांच्यामधून वाहणारे ओढे. महावेली, केलणी आणि वळवे या नद्यांना पाणी पुरवणारे प्रवाह इथून निघतात. झाडीत ‘नेलू’ म्हणजे आपल्या कारवीच्या कुळातली झुडपं आहेत. कारवी सात वर्षांनी फुलते, इथल्या नेलूचा मोठा बहर साधारण बारा वर्षांनी येतो. पिवळ्या कानाचा बुलबुल, निळसर माशीमार आणि शीळकरी कस्तुर यांच्यासाठी फाटकाअलीकडच्या रस्त्यालगतच्या तळ्याजवळ उजाडताना थांबा. गाडीतळावरची सांबरं माणसाळलेली आहेत, त्यांना काही भरवू नका.

ज्यांना चालणं जमत नाही त्यांनी नुवारा एलियाच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये सकाळ घालवावी. हिवाळ्यात काश्मीर माशीमार तिथे येतो.

निळे देवमासे नक्की दिसतात का, आणि उलटीचं काय?

मिरिस्साहून डिसेंबर ते एप्रिल शक्यता चांगली. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रतळाची उथळ कड फार अरुंद आहे, म्हणून खोल पाणी किनाऱ्याजवळच सुरू होतं आणि देवमासे तिथे चरतात. इतर महासागरांतले निळे देवमासे ध्रुवाकडे जातात, हिंदी महासागराच्या उत्तरेतले बरेचसे उष्ण पाण्यातच राहतात.

बोट साडेसहाच्या सुमाराला निघते, फेरी चार-पाच तासांची. उलटीची गोळी डॉक्टरांनी सांगितलेली, बोटीत बसण्याआधी तासभर घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. हलका नाश्ता, मध्यभागी मागची जागा, नजर क्षितिजावर. कॅमेऱ्याच्या पडद्यात सतत बघत राहणाऱ्यांना सर्वांत आधी त्रास होतो. बोट ठरवताना विचारा: देवमाशापासून किमान शंभर मीटर थांबता का, आणि त्याच्या पुढे आडवी बोट घालत नाही ना? गोंधळलेलं उत्तर आलं तर दुसरी बोट बघा. पाठलाग झाला की देवमासा लवकर बुडी मारतो आणि दहा-पंधरा मिनिटं वर येत नाही. म्हणूनच किनाऱ्यावर दोन रात्री ठेवल्या आहेत, पहिला दिवस खराब निघाला तर दुसरा हाताशी असावा.

शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय होते का?

शाकाहारी जेवण सहज मिळतं आणि चविष्ट असतं: भात, परिप्पू म्हणजे मसुराची नारळी आमटी, कोवळ्या फणसाची भाजी, पालेभाज्यांचं मल्लुंग, इडियाप्पम, म्हशीचं दही आणि कित्तुल या माडाच्या जातीच्या झाडाची काकवी. फसगत होते ती ‘उंबलकड’ने. ही मालदीवची वाळवलेली मासळी, कुटून पोल संबोल या नारळाच्या चटणीत आणि कधी भाजीतही घालतात, वर दिसत नाही. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘उंबलकड नको, मासे नको, अंडं नको’ असं तिन्ही सांगा. वट्टलप्पम नावाच्या गोड पदार्थात अंडं असतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मुक्कामाच्या हॉटेलला आठवडाभर आधी लेखी कळवावं आणि सफारीच्या दिवसांसाठी खाकरे, दशम्या, सुकी चटणी जवळ ठेवावी.

आजी-आजोबा आणि लहान मुलं येऊ शकतात?

येऊ शकतात, पण सगळ्यांनी सगळं करायचा हट्ट नको. सहा वर्षांखालच्या मुलांना पूर्ण दिवसाची सफारी झेपत नाही, अर्ध्या दिवसाची झेपते. गरोदर स्त्रिया आणि मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी जीप टाळावी. सिगिरियाला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत. वर गांधीलमाश्यांची मोठी पोळी आहेत, तिथे आवाज करायचा नाही आणि उग्र अत्तर लावायचं नाही.

मलेरिया, डेंग्यू?

सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली. डेंग्यू मात्र आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो. लांब बाह्या आणि डासरोधक मलम सकाळपासून हवं. कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवून त्याच दिवशी रुग्णालयात जा.

काय काय घ्यावं?

८×४२ ची दुर्बीण, प्रत्येकाची स्वतःची. एक दुर्बीण चौघांत फिरवली की पक्षी उडालेला असतो. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स जीपसाठी पुरते. तिकाटणं (ट्रायपॉड) जीपमध्ये उघडत नाही, त्याऐवजी कापडी पिशवी तांदूळ भरून कठड्यावर ठेवा (रिकामी न्या, तांदूळ तिकडे घ्या). यालच्या धुळीसाठी मोठा रुमाल आणि कॅमेऱ्यावर टाकायला उशीचा अभ्रा. कपडे मळकट हिरवे-तपकिरी. हॉर्टन प्लेन्ससाठी स्वेटर, कानटोपी, वारारोधक जाकीट. लोरिस बघताना लाल प्रकाशाची विजेरी लागते, पांढरा झोत त्याच्या मोठ्या डोळ्यांना सहन होत नाही. ड्रोन घरीच ठेवा: राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे.

व्हिसा, पैसे, फोन?

भारतीयांना प्रवासाआधी ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) घ्यावी लागते. नियम आणि फी वारंवार बदलली आहे, म्हणून तिकीट काढतानाच सरकारी संकेतस्थळ बघा. त्याच नावासारखी दलालांची संकेतस्थळं जास्त पैसे घेतात. पासपोर्ट तिथे पोहोचल्यापासून किमान सहा महिने वैध हवा. उद्यानांत सार्क देशांच्या नागरिकांना वेगळा दर असतो. तो मिळायला खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो, तेव्हा तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून सफारीला येऊ नका. स्थानिक सिम विमानतळावरच घ्या. घड्याळ बदलायचं नाही, वेळ आपलीच आहे. चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो.

डोंगरातली रेल्वे घ्यावी का?

नुवारा एलियाजवळच्या नानू ओयाहून एल्लापर्यंत घ्या, साधारण तीन तास. बाराजणांची राखीव तिकिटं लवकर संपतात. बस सामानासह एल्लाला पुढे पाठवा. अतिवृष्टीत दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, म्हणून आदल्या दिवशी स्थानकात खात्री करा.

पोया म्हणजे काय, आणि देवळांत काय पाळायचं?

प्रत्येक पौर्णिमा म्हणजे पोया, सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी मद्यविक्री बंद असते. मुख्य मुद्दा असा की स्थानिक कुटुंबं सुट्टीला बाहेर पडतात, त्यामुळे याल आणि हॉर्टन प्लेन्स त्या दिवशी ठेवू नका. तारखा ठरवताना पंचांग उघडा. १३-१४ एप्रिलच्या नववर्षाला नुवारा एलियात पाय ठेवायला जागा नसते.

विहारात चपला आणि टोपी बाहेर, खांदे-गुडघे झाकलेले. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तो अपमान मानतात आणि त्यावरून पर्यटकांवर कारवाईही झाली आहे.

परत येताना विमानतळावर काय अडतं?

शंख, प्रवाळ, कासवाच्या पाठीच्या वस्तू, पिसं, साळिंदराचे काटे, रोपं, ऑर्किड, किडे, जंगलातून उचललेलं काहीही. श्रीलंकेचा वन्यजीव कायदा कडक आहे आणि ‘किनाऱ्यावर पडलेलं सापडलं’ हे कारण चालत नाही. मुलांच्या खिशांत शिंपले असतात, सामान बांधायच्या आधी ते तपासा. बुटांच्या तळांना चिकटलेली माती हॉटेलातच ब्रशने धुवून काढा, तिच्याबरोबर परक्या तणांचं बी सह्याद्रीत येऊ शकतं. चहा, दालचिनी आणि कित्तुलाचा गूळ बिनधास्त आणा. काकवीची बाटली मात्र हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात.